गाडीचा लाइट वाढवायचाय? आधी हे वाचा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी आली. रक्कम तीन हजार. कारण विचारलं तर ताई म्हणाल्या, "पोराच्या गाडीला ते पांढरे लाइट बसवायचेत. पहाटे चारला दूध घेऊन जातो, रस्त्यात काही दिसत नाही म्हणतो."

लगेच बैठकीत दोन तट पडले. एकीचं म्हणणं, लाइटला कसलं कर्ज, पोरांची हौस आहे ती. दुसरी म्हणाली, "हौस कशी? माझा दीर अंधारात उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. सहा महिने खाटेवर होता." मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. "मॅडम, तुम्ही सांगा."

मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. कारण हाच उद्योग मी स्वतः करून बसले होते, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही. म्हणून हा लेख.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवाळ्यात साडेसहालाच अंधार पडतो, आणि आपल्या बैठका तर संध्याकाळच्याच. माझ्या स्कूटीचा उजेड पिवळा, मिणमिणता. तालुक्याच्या एका दुकानातून साडेचारशे रुपयांचा पांढरा एलईडी बल्ब घेतला, तिथल्याच पोराने पाच मिनिटांत बसवून दिला. पहिल्या रात्री मी इतकी खूश! रस्ता दिवसासारखा दिसत होता. चौथ्या दिवशी समोरून एक दादा मोटरसायकलवर दुधाचे कॅन घेऊन येत होते. माझ्या जवळ आले, गाडी डांबराच्या कडेवरून खाली उतरली आणि आडवी झाली. दूध सांडलं, कोपर सोलवटलं. मी धावत गेले. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, तुमचा लाइट डोळ्यात गेला, पुढचं काही दिसेनाच. डिप्पर तरी मारायचा."

मी डिप्परवरच होते.

हे असं का झालं ते मी नंतर दोन मेकॅनिककडे बसून समजून घेतलं.

लाइटमध्ये बल्ब एकटा काम करत नाही. बल्बच्या मागे जी चकचकीत वाटी असते, तिला रिफ्लेक्टर म्हणतात. बल्बमध्ये दोन बारीक तारा असतात, एक अप्परची आणि एक डिप्परची. या तारा वाटीत नेमक्या कुठे असणार हे धरूनच कंपनीने वाटीचा आकार ठरवलेला असतो. तार चिमूटभर पुढेमागे झाली तरी उजेड भलतीकडे जातो. साध्या बल्बमधली तार बारीक असते, तर एलईडी बल्बमध्ये चपट्या पट्टीवर चिप बसवलेल्या असतात. स्वस्तातल्या बल्बमध्ये त्या चिप तारेच्या जागेवर येतच नाहीत. मग उजेड रस्त्यावर एकवटायच्या ऐवजी वर, बाजूला, सगळीकडे फेकला जातो. आपल्याला वाटतं किती उजेड पडला! त्यातला बराचसा समोरच्याच्या डोळ्यात आणि झाडांवर गेलेला असतो. अशा बल्बला डिप्पर असून नसल्यासारखाच.

इथे एक गोष्ट सांगते, नाहीतर गैरसमज होईल. हल्लीच्या नव्या गाड्यांना कंपनीचाच एलईडी लाइट येतो. तो चांगला असतो, कारण त्याची वाटी, काच, सगळंच एलईडीसाठी बनवलेलं असतं. घोळ होतो तो साध्या बल्बच्या वाटीत एलईडी कोंबल्यावर.

आहे तो उजेड जातो कुठे?

नवा लाइट घ्यायच्या आधी, गाडी नवी होती तेव्हा एवढाच अंधार दिसायचा का, हे आठवा. बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं. म्हणजे उजेड होता, तो कमी झालाय.

आपल्या नळयोजनेचं पाणी आठवा. टाकीजवळच्या घरात धो धो आणि शेवटच्या घरात करंगळीएवढी धार. विजेचंही तसंच. बॅटरीतून निघालेली वीज बारीक वायरमधून, किल्लीच्या स्विचमधून, हँडलवरच्या बटणातून, दोन-तीन जोडांमधून बल्बपर्यंत पोचते. प्रत्येक जोडाला गंज, धूळ, पावसाचं पाणी. थोडी थोडी गळती होत होत बल्बला पोचेपर्यंत जोर कमी झालेला असतो. आणि साध्या बल्बचा एक हट्ट आहे: त्याला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं, तर उजेड १० टक्के कमी होत नाही, साधारण ३० टक्के कमी होतो. म्हणून पिवळा, मिणमिणता लाइट दिसला की पहिला संशय बल्बवर घेऊ नका, वायरीवर घ्या.

मेकॅनिककडे मीटर असतो. त्याला सांगा, "इंजिन चालू ठेवून बॅटरीवर किती व्होल्ट आहेत ते बघ, आणि लाइट लावून बल्बच्या होल्डरवर किती आहेत ते बघ." दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक निघाला तर दुरुस्ती तिथेच आहे. होल्डर काढून बघा: पिना काळ्या पडल्यात का, प्लास्टिक वितळलंय का. अर्थिंगची वायर जिथे गाडीच्या सांगाड्याला स्क्रूने कसलेली असते तिथला गंज घासून काढायला लावा. ही कामं मेकॅनिकला आवडत नाहीत, कारण त्यात विकायला काही नसतं. आपण मागे लागून करून घ्यायची.

मग काच. गाडीच्या लाइटची काच हल्ली प्लास्टिकची असते, उन्हाने पिवळी पडते. बाहेरून धूळ पुसली जाते, पण आतून धूर बसलेला असेल किंवा वाटीची चकाकी उडाली असेल तर कितीही महाग बल्ब लावा, उपयोग नाही. आंधळ्या आरशासमोर दिवा लावल्यासारखं. तिथे वाटी बदलणं हाच खर्च योग्य.

बल्ब जुना झाला की त्याची काच आतून काळपट होते. तोही बदला, पण त्याच वॅटचा. आणि नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू द्यायचं नाही. बोटाचं तेल काचेला लागतं, तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. स्वच्छ कागदात धरून बसवायचा.

"मोठ्या वॅटचा टाकतो, ताई"

दुकानात हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. आपल्याकडच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ३५/३५ वॅटचा बल्ब असतो, त्याच्या खोक्यावर एचएस१ लिहिलेलं असतं. चारचाकीचा ६०/५५ वॅटचा बल्ब, म्हणजे एच४, दिसायला जवळपास तसाच. थोडी खटपट केली की मोटरसायकलच्या वाटीत बसतो. म्हणून तो टाकला जातो.

आता हिशोब बघा. ३५ वॅटला साधारण तीन अँपिअर वीज लागते, ६० वॅटला पाच. वायर तीच, बटण तेच, होल्डर तोच. वायर तापते, होल्डर वितळतो, बटणाचे पत्रे जळतात. वाटीसुद्धा प्लास्टिकचीच असेल तर जास्तीच्या उष्णतेने तिची चकाकी जाते. चार महिने उजेड मिळतो आणि मग आधीपेक्षा कमी.

जुन्या गाड्यांमध्ये तर चार महिनेसुद्धा नाही. बऱ्याच जुन्या, लहान गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. तो इंजिनातल्या कॉइलवर थेट चालतो, त्याला एसी म्हणतात. गाडी जागेवर उभी करून रेस कमी-जास्त करा. रेससोबत उजेड बराच कमी-जास्त झाला, तर लाइट कॉइलवर आहे असं समजा. कॉइल जेवढी वीज बनवते तेवढीच बनवणार. तिच्यावर मोठा बल्ब लावणं म्हणजे तीन भाकरींच्या पिठात सहा भाकरी थापणं. भाकरी होतात, पण पोट कुणाचंच भरत नाही. मोठा बल्ब पुरेसा तापतच नाही, पिवळाच राहतो. माझ्या स्कूटीचा लाइट बॅटरीवर होता म्हणून एलईडी चालला तरी. कॉइलवरच्या गाडीत साधा एलईडी बल्ब लावला तर तो लुकलुकतो किंवा लवकरच जळतो.

लाइट बॅटरीवरचा असेल आणि वायरीमुळेच उजेड कमी असेल, तर एक चांगला उपाय आहे: रिले. रिले म्हणजे छोटी डबी, विजेवर चालणारं बटण. बॅटरीपासून जाड वायर थेट बल्बकडे न्यायची, मध्ये रिले आणि फ्यूज. हँडलवरचं बटण फक्त त्या डबीला "चालू हो" म्हणून सांगतं, जास्तीची वीज बटणातून जातच नाही. आहे त्याच बल्बचा उजेड लगेच वाढतो. पण फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ पाहिजे. फ्यूज नसेल आणि वायर घासून सांगाड्याला टेकली, तर गाडी पेटू शकते. "फ्यूजची गरज नाही" म्हणणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. नवी गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापायच्या आधी तिचं पुस्तक वाचा; वायरिंगला हात लावला म्हणून वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

लेगगार्डला जोडून लावतात ते जादाचे फॉग लाइट, त्यांचाही हिशोब असाच. जोडी ४० वॅटची धरली तर तीन अँपिअरपेक्षा जास्त भार. छोट्या गाडीची बॅटरी अडीच ते पाच अँपिअर-अवरची. खड्ड्यांच्या रस्त्यावर आपण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चाललेलो असतो, इंजिन हळू फिरतं, वीज कमी बनते आणि खर्च जास्त. सकाळी स्टार्टर मारला की कट्‌ कट्‌ आवाज. २०२० नंतरच्या बीएस६ गाड्यांमध्ये पेट्रोलचं इंजेक्शनसुद्धा विजेवर चालतं, तिथे बॅटरी बसली की गाडीच रुसते.

आणि धुकं, धूळ, पाऊस असताना निळसर पांढरा झगझगीत लाइट आपल्यालाच नडतो. उजेड थेंबांवर आपटून परत डोळ्यात येतो, समोर पांढरा पडदा दिसतो. अशा वेळी अप्पर बंद करून डिप्परवर हळू जायचं.

कायदा

थोडक्यात सांगते. केंद्रीय मोटार वाहन नियम म्हणतात, लाइट कायम खाली झुकलेला पाहिजे. इतका, की समोर आठ मीटरवर असलेल्या, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचे डोळे दिपू नयेत. दीड मीटर म्हणजे आपल्यापैकी कुणाचीही नजर. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे, परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालक म्हणजे ज्याचं नाव आरसीवर आहे तो. आपल्या कितीतरी ताईंच्या नावावर गाडी आहे आणि चालवतो मुलगा, हे ध्यानात ठेवा.

भिंत आणि खडू

आता त्या दुधवाल्या मुलाकडे येते. मी त्या ताईंच्या घरी गेले, म्हटलं आधी गाडी बघू. होल्डरची एक पिन काळी होती, ती बदलायची ठरलं. पण खरी गंमत दुसरीच निघाली. मी म्हटलं, पहाटे जसा निघतोस तसाच उभा राहा, कॅन भरून. दोन कॅन मागे लटकवले, तो बसला, आणि लाइट समोरच्या घराच्या पत्र्यावर! मागे ओझं आलं की गाडीचं मागचं शॉकअप दबतं, पुढचं तोंड वर होतं. पोरगं रोज पहाटे झाडांच्या शेंड्यांवर उजेड पाडत जात होतं आणि रस्ता अंधारात.

ही तपासणी घरी करता येते, एक पैसा लागत नाही. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून पाच मीटर, म्हणजे सोळा फुटांवर, भिंतीकडे तोंड करून उभी करा. टायरमध्ये हवा नेहमीएवढी असू द्या. रोज जेवढं ओझं असतं तेवढं ठेवा, चालवणारा गाडीवर बसलेला पाहिजे, सायकलसारखी स्टँडवर लावलेली चालणार नाही. जमिनीपासून हेडलाइटच्या मधोमध किती उंची आहे ते मोजा आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने आडवी रेघ ओढा. डिप्पर लावा. उजेडाचा दाट भाग त्या रेघेच्या चार-पाच बोटं, म्हणजे पाच ते दहा सेंटीमीटर, खाली संपला पाहिजे. वर गेला असेल तर लाइटच्या खाली किंवा बाजूला स्क्रू असतो, तो हळूहळू फिरवा. काही गाड्यांना अख्खा लाइटचा डबा सैल करून वाकवावा लागतो. तिथे मेकॅनिकची मदत घ्या.

ओझ्यावर लाइट बसवला की रिकाम्या गाडीत तो जरा जवळ पडतो. त्या मुलाला ते चालतं, कारण परत येताना उजाडलेलं असतं. तुमच्याकडे नवऱ्यासोबत मागे बसून जाणं जास्त असेल तर दोघं बसून लाइट लावा.

एवढं करूनही वेग जास्त असेल तर लाइट पुरत नाही. ४० च्या वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. दिसलं, डोक्यात शिरलं, ब्रेक दाबला, यातच सेकंद-दीड सेकंद जातो. मग गाडी थांबायला आणखी. कोरड्या डांबरावर सगळं मिळून साधारण २५ ते ३० मीटर. ६० च्या वेगात हेच ५० मीटरच्या वर जातं, कारण वेग दीडपट झाला की ब्रेकचं अंतर सव्वादोनपट होतं. खडीवर, शेणावर, ओल्या मातीवर विचारूच नका. डिप्परमध्ये ५० मीटर दिसतंच असं नाही. समोरच्याचा लाइट डोळ्यात गेला तर आपणही चिडून अप्पर मारायचा नाही, दोघंही आंधळे होतो. रेस सोडायची, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवायची.

एक बाजूची गोष्ट. कधी कधी दोष गाडीत नसतो, डोळ्यात असतो. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला रात्रीच फार त्रास होतो, लाइटभोवती कडी दिसतात, समोरचा उजेड सहन होत नाही, असं असेल तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. आणि हेल्मेटची काच ओरखड्यांनी भरली असेल किंवा काळी असेल तर ती रात्री वापरू नका.

मग कर्ज द्यायचं का?

निर्णय गटाचा. माझं मत विचारलंत म्हणून सांगते: होल्डर, बल्ब, वाटी, बॅटरी, रिले यासाठी जरूर द्या. ज्या गाडीवर घराचं दूध जातं, तिची दुरुस्ती ही हौस नाही. पण झगझगीत लाइट विकत घेण्यासाठी मी तरी सही करणार नाही. त्या ताईंनी पुढच्या बैठकीत तीन हजारांऐवजी आठशे मागितले. त्यात होल्डर, त्याच वॅटचा चांगला बल्ब आणि एक रोल लाल रिफ्लेक्टर पट्टी आली.

पट्टी कशाला, असं एकीने विचारलंच. दिराची गोष्ट सांगणाऱ्या ताईंनी उत्तर दिलं: "ट्रॉलीला मागे लाइट नव्हता, काही नव्हतं. लांबून चमकलं असतं तर ह्यांनी ब्रेक मारला असता." मिणमिणत्या लाइटमध्येसुद्धा रिफ्लेक्टर लांबून चमकतो. उसाचा हंगाम आलाय. आपल्यापैकी कुणाच्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, कुणाच्या घरी बैलगाडी. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर, दोन्ही कोपऱ्यांवर, ऊस लोंबून झाकणार नाही अशा उंचीवर पट्टी लावा. बैलगाडीच्या मागच्या बाजूला आणि चाकांच्या आऱ्यांवर. मुलांच्या सायकलींना पण. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यात सोडून जायची वेळ आली तर दगड ठेवून निघू नका, कुणीतरी बॅटरी घेऊन मागे उभं राहा.

ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला येताना गाडी घेऊन या, बैठक संपल्यावर अंधार झालेलाच असतो. कार्यालयाच्या मागची भिंत मोकळी आहे. खडू आणि मोजपट्टी मी आणते, मागे बसायला वजनदार माणूस तुम्ही आणा.